उभ्या गाडीचें दुखणें

यंत्र वापरल्यानें झिजतें, ही गोष्ट कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. परंतु कांहीं यंत्रें न वापरल्यानेंच अधिक बिघडतात, आणि तीं बिघडत असल्याची त्यांच्या धन्यास वार्ताही नसते, हें मला वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, इंग्लंडांतील एका खेड्यांत, जुन्या मोटारीशेजारीं सतरंजीवर बसून शिकावें लागलें. मीं जन्मभर संस्कृत शिकविलें. मोटारींशीं माझा संबंध एस. टी. च्या तिकिटापुरता. तेव्हां या विषयावर मीं लेखणी उचलावी हें पुष्कळांस धाडसाचें वाटेल. पण जें स्वतः नव्यानें शिकलें तें लागलेंच दुसऱ्यास शिकविण्याची खोड मास्तरांस असतेच. शिवाय या प्रकरणांत आमच्या घरचे दोन जीव थोडक्यांत बचावले. म्हणून तें चार घरीं कळावें अशी इच्छा आहे.

माझे थोरले बंधु १९७१ सालीं नोकरीनिमित्त ऑक्सफर्डजवळ गेले व तिकडेच स्थिरावले. १९७४ मध्यें त्यांनीं तीन वर्षें वापरलेली एक एम. जी. बी. मोटार विकत घेतली. ही उघड्या टपाची, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्स मोटार. आमच्या वाड्यांत त्या वेळीं सतरा माणसें एका पंक्तीस जेवत. गाडीचें छायाचित्र टपालानें आलें, तें न्याहाळून आमच्या आजीनें एवढेंच विचारलें, "आणि बाकीच्यांनीं चालत यावयाचें कीं काय?"

एम. जी. हीं ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस या पेढीच्या नांवाचीं आद्याक्षरें. त्या पेढीचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं १९२० नंतरच्या दशकांत मॉरिसच्या साध्या गाड्यांवरून या चपळ गाड्यांचा उपक्रम आरंभिला. १९२९ मध्यें कारखाना जवळच्या ॲबिंग्डन गांवीं गेला आणि १९८० मध्यें बंद होईपर्यंत तेथेंच राहिला. 'बी' जातीची गाडी १९६२ पासून शेवटपर्यंत तेथें तयार होत असे, आणि तशा पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळें तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि हौशी माणसें तिची दुरुस्ती घरच्या घरीं करतात.

बंधु २०१८ सालीं निवर्तले. गाडी आच्छादनाखालीं उभी राहिली. पुतण्या महिन्या-दोन महिन्यांनीं इंजिन चालू करी, पांच-दहा मिनिटें तें धडधडूं देई, धूळ पुशी आणि आपण वडिलांची वस्तु नीट राखिली या समाधानानें पुन्हां आच्छादन घाली. इंग्लंडांत मोटारींची सक्तीची वार्षिक तपासणी असते. परंतु २०१८ सालापासून चाळीस वर्षांपलीकडील व मूळ स्वरूपांत ठेवलेल्या बहुतेक गाड्यांस त्या तपासणींतून सूट आहे. म्हणजे जी गाडी सर्वांत म्हातारी, तिचीच नाडी पाहावयास कोणी नाहीं! सूट मिळाली तरी जबाबदारी धन्याची ती धन्याचीच राहते, एवढें मात्र पुतण्याच्या ध्यानांत आलें नव्हतें.

गेल्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां त्याच्याकडे गेलों असतां एके रविवारीं तो म्हणाला, "काका, चला, बाबांच्या गाडींतून ॲबिंग्डनपर्यंत जाऊन येऊं. जेथें ती जन्मली तें गांव तुम्हांला दाखवितों." हवा सुरेख होती. तीन मैल सुखानें गेलों. पुढें रस्त्यांत एक वाटोळा चौक आला. तिकडे उजवीकडून येणाऱ्यास आधीं वाट द्यावयाची असा नेम आहे, आणि उजवीकडून मालानें भरलेली एक अजस्र लॉरी येत होती. पुतण्यानें थांबण्यासाठीं क्लचचें पेडल दाबलें, तों तें कांहींएक विरोध न करतां तळास जाऊन टेकलें आणि वर येईना. गाडी गिअरमध्येंच होती. ब्रेक मागें ओढीत होता आणि इंजिन पुढें रेटीत होतें. पुतण्यानें प्रसंगावधान राखून किल्ली फिरविली. गाडीनें दोन आचके दिले व ती थांबली. परंतु तिचें नाक हातभर चौकांत शिरलें होतें. लॉरी त्या नाकापुढून गेली, तिचा वारा माझ्या टोपीस लागला.

गाडी उचलून एका गॅरेजांत नेली. तेथील गृहस्थांनीं पेडल दोनदां दाबून पाहिलें आणि निकाल दिला कीं क्लच गेला. या गाडीचा क्लच बदलावयाचा तर इंजिन बाहेर काढावें लागतें, ही गोष्ट खरी आहे. त्यांनीं जो आंकडा सांगितला तो ऐकून पुतण्या खिन्न झाला. "त्यापेक्षां आहे तशी विकून टाका," हा सल्ला त्यांनीं फुकट दिला. घरीं आल्यावर पुतण्यानें तें सांगितलें. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. रात्रीं जेवणें आटोपल्यावर त्यांनीं कपाटांतून एक लांबट वही आणून माझ्यापुढें ठेवली.

ती बंधूंची गाडीची वही होती. हिशेब लिहावा तशी मराठींत, तारीखवार, चव्वेचाळीस वर्षांची. तींत एक नोंद दर दोन वर्षांनीं, एप्रिल महिन्यांत, न चुकतां आलेली: 'ब्रेक व क्लच, तेल नवें.' अशी शेवटची नोंद एप्रिल २०१६ ची. पुढच्या एप्रिलास ते अंथरुणास खिळले होते. त्यानंतर कोरीं पानें. मीं मनाशीं म्हटलें, ज्या मनुष्यानें ही गोष्ट इतक्या निष्ठेनें केली, ती त्याला महत्त्वाची वाटत असली पाहिजे. ती कां, हें समजल्याखेरीज गाडी विकूं देणें बरें नव्हे.

आतां हें प्रकरण वाचकांस उलगडून सांगतों. इंजिन अखंड फिरत असतें. चाकें मात्र कधीं फिरावीं, कधीं थांबावीं असें आपणांस हवें असतें. या दोहोंचा सांधा जुळविणारी व वाटेल तेव्हां तो सोडविणारी योजना म्हणजे क्लच. आम्हां व्याकरणवाल्यांच्या भाषेंत, पेडल सोडलें कीं संधि, पेडल दाबलें कीं संधिविच्छेद. इंजिनाच्या जड फिरत्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, एक खरखरीत तबकडी बळकट स्प्रिंगनें दाबून धरलेली असते. ती क्लच प्लेट. पेडल दाबलें कीं एक लोखंडी फोर्क हालतो, तो ग्रॅफाइटच्या बेअरिंगनें स्प्रिंग मागें रेटतो आणि प्लेट मोकळी होते.

प्रश्न इतकाच कीं पायाचा जोर त्या फोर्कापर्यंत न्यावा कसा. जुन्या गाड्यांत हें काम सळया व तरफा करीत. परंतु इंजिन रबराच्या बैठकांवर बसविलेलें असतें व तें हिसके देतें. ते हिसके सळईंतून पेडलास आणि पेडलांतून पुन्हां क्लचास पोंचत. द्रवानें भरलेली लवचिक नळी मध्यें घातली तर ही उपाधि राहत नाहीं. म्हणून १९५५ सालच्या एम. जी. ए. गाडींत द्रवाचा क्लच आला, आणि 'बी' नें तोच पुढें चालविला.

याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व फ्रेंच पंडित पास्कल यांचें. त्यांचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १६६३ मध्यें प्रसिद्ध झाला. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्वत्र सारखाच पोंचतो. याच आधारावर जोसेफ ब्रामा यांनीं १७९५ मध्यें इंग्लंडांत दाबयंत्राची सनद घेतली, आणि १९२१ मध्यें अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग गाडीस चारही चाकांवर द्रवाचे ब्रेक लागले. शाळेंत विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले कीं तो तास माझ्याकडे येई, आणि एक बारीक व एक जाड अशा इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या नळीनें जोडून मीं हा नियम मुलांस दाखविलेला होता. क्लचांत तेंच आहे. पेडलापाशीं बारीक नळकांडें, त्याचें नांव मास्टर सिलिंडर. खालीं फोर्कापाशीं जाड नळकांडें, तें स्लेव्ह सिलिंडर. समजा, दोहोंचे व्यास तिनास पांच या प्रमाणांत आहेत. तर दट्ट्यांचीं क्षेत्रफळें नवास पंचवीस. म्हणजे पायाचा जोर खालीं जातांना सुमारें पावणेतीनपट होतो. मात्र निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं: जोर जितका वाढतो तितकेंच अंतर घटतें. वरचा दट्ट्या इंचभर सरकला तर खालचा जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून किंचित् अधिक सरकतो. हें प्रमाण ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

आतां त्या द्रवाविषयीं. त्यास बाजारांत ब्रेक ऑइल म्हणतात. पण तें तेल नव्हे. तो ग्लायकॉल वर्गांतील द्रव असून त्यास पाण्याची विलक्षण ओढ असते. पावसाळ्यांत बरणीचें झांकण सैल राहिलें तर मिठास पाणी सुटतें, हें गृहिणींस सांगावयास नको. तसाच हा द्रव झांकणाच्या छिद्रांतून, इतकेंच नव्हे तर रबरी नळीच्या भिंतींतूनही, हवेंतील ओलावा शोषितो. गाडी चालो वा उभी राहो, हें शोषण चालूच असतें. डॉट ४ या प्रतीचा कोरा द्रव निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे; त्यांत शेंकडा ३.७ पाणी शिरलें कीं हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ब्रेक तापतात, आणि घाटांत असा द्रव उकळला तर त्याची वाफ होते. वाफ दबते, द्रव दबत नाहीं. त्यामुळें ऐन वेळीं पेडल पोकळ लागतें.

क्लच तितका तापत नाहीं. तेथें पाणी निराळें पाप करतें. तें नळकांड्याची आंतली गुळगुळीत भिंत कुरतडतें. चालत्या गाडींत दट्ट्या सतत वरखालीं होतो व भिंतीवर ताजा द्रव फिरतो. उभ्या गाडींत तो एकाच जागीं बसून राहतो, आणि तेथें देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. मग कित्येक महिन्यांनीं एके दिवशीं कोणी हौसेनें पेडल दाबतो. दट्ट्याची रबरी सील त्या खड्ड्यांवरून घांसत जाते, तिची कड फाटते, आणि द्रव वाट काढतो. पुतण्या नेमानें इंजिन चालवीत होता, पण द्रव तोच राहिला होता. रोग्यास रोज उठवून बसवावें आणि औषध मात्र आठ वर्षांपूर्वींचें द्यावें, असा तो प्रकार झाला.

हें कळल्यावर आम्ही निदानास बसलों. वहीच्या शेवटच्या पानावर बंधूंनीं लक्षणें लिहून ठेवलीं होतीं. त्यांचा सारांश देतों, कारण तो द्रवाच्या कोणत्याही क्लचास बव्हंशीं लागू पडेल. इंजिन जोरानें घोंघावतें पण गाडी वेग घेत नाहीं, असें असेल तर बहुधा प्लेट झिजली किंवा तिच्यावर तेल उडालें; तेथें द्रवाचा दोष क्वचित्. उलट, गाडी उभी असतां रिव्हर्स घालतांना करकर आवाज येतो, तर क्लच पुरता सुटत नाहीं. येथें आधीं द्रवाकडे पाहावें. पेडल चारदां भरभर दाबल्यावर सुधारतें, तर नळींत हवा आहे. पेडल दाबून धरलें असतां हळूहळू आपोआप खालीं जातें आणि गाडी पुढें सरकूं पाहते, पण बाहेर थेंबही दिसत नाहीं, तर मास्टर सिलिंडरच्या आंतली सील गळते आहे. पेडल घट्ट लागतें तरी क्लच नीट सुटत नाहीं, किंवा सुटलेला लवकर पुन्हां धरीत नाहीं, तर जुनी लवचिक नळी आंतून सुजली आहे काय तें पाहावें.

एक सूचना तर मला फारच मार्मिक वाटली. ब्रेकचे पॅड झिजतात तसतशी ब्रेकच्या डबींतील द्रवाची पातळी स्वाभाविकपणेंच खालीं जाते. क्लचाचें उलटें आहे. या गाडींत प्लेट झिजते तसतसा खालचा दट्ट्या मागें रेटला जातो आणि डबींतील पातळी किंचित् वरच येते. म्हणून क्लचाच्या डबींतील पातळी उतरली तर तिला गळतीवांचून दुसरें कारण नाहीं. वरून द्रव ओतून स्वस्थ बसणारा मनुष्य भगदाड न बुजवितां हौद भरीत असतो.

पुतण्यानें डबी उघडली: ती जवळजवळ रिकामी, आणि तळाशीं काढ्याच्या रंगाचा गाळ. मग गाडी पक्क्या घोड्यांवर चढवून, चाकांस अटकाव लावून, तो खालीं शिरला. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं कधींही जाऊं नये, हें वहींत तांबड्या शाईनें लिहिलें होतें. स्लेव्ह सिलिंडरचें रबरी टोपण मागें सारतांच आंतून तपकिरी द्रव त्याच्या मनगटावर ओघळला. रोग सांपडला. इंजिन बाहेर काढण्याची गरज नव्हती. दोन बोल्टांनीं बाहेरून बसविलेलें मुठीएवढें नळकांडें तेवढें गेलें होतें.

परंतु वहींत आणखी एक वाक्य होतें: 'पिनी पाहिल्याशिवाय उठूं नये.' पेडल मास्टर सिलिंडरच्या दांड्यास एका आडव्या पिनीनें जोडलेलें असतें. ती पिन काढली तेव्हां तिची कंबर झिजलेली आणि पेडलाचें भोंक लांबट झालेलें आढळलें. म्हणजे पेडल दाबलें तरी आरंभीचा कांहीं भाग त्या ढिलाईंतच जात होता. वर सांगितलेलें प्रमाण येथें कामीं येतें: वरचें अंतर खालीं जातांना मुळांतच घटतें, त्यांतील कांहीं पिनीनें चोरलें तर फोर्कास काय उरणार? खालच्या दांड्याची चाल अर्ध्या इंचाच्या आसपास असावी लागते. सगळें नवें घालून ही क्षुद्र पिन जुनीच ठेवली असती, तर करकर कायम राहिली असती आणि दोष पुन्हां बिचाऱ्या क्लच प्लेटवर गेला असता.

नवें स्लेव्ह सिलिंडर, मास्टर सिलिंडरच्या नव्या सीला, नवी लवचिक नळी व दोन पिनी एवढें सामान आलें. खर्च गॅरेजच्या आंकड्याच्या दशांशाहूनही कमी. बसवितांना पाळावयाचीं पथ्यें अशीं: रबरी सील नव्या ब्रेक द्रवांतच भिजवावी, पेट्रोल किंवा इंजिनाचें तेल तिला लागलें तर ती फुगते. तिची ओठासारखी कड द्रवाच्या बाजूस यावी. भिंतीस खड्डे असतील तर नुसती सील बदलूं नये, नळकांडेंच बदलावें. स्लेव्ह सोडविलेला असतां कोणी चुकून पेडल दाबलें तर दट्ट्या बाहेर उडतो, म्हणून पेडलाखालीं लाकडाचा ठोकळा ठेवावा. आणि हा द्रव रंगाचा वैरी आहे. थेंब पडला तर नुसता पुसूं नये, लागलीच पाण्यानें धुवावा.

यानंतर नळींतली हवा काढणें. एकानें पेडल सावकाश दाबावयाचें, दुसऱ्यानें खालचें निपल सोडून बुडबुडे जाऊं द्यावयाचे, निपल आवळल्यावरच पहिल्यानें पाय उचलावयाचा. पाय उचलण्याची घाई झाली तर गेलेली हवा परत आंत येते. पेडलाचें काम माझ्या वाट्यास आलें. "दाबा काका," "सोडा काका," या दोन आज्ञा मीं अर्धा दिवस पाळल्या. जन्मभर वर्गास 'उठा, बसा' म्हणणाऱ्या मास्तराचा हा हिशेब देवानें चुकता केला असावा. तरी पेडल स्पंजासारखेंच लागे. कारण हवेचा स्वभाव वर जाण्याचा, आणि आम्ही तिला वरून खालीं ढकलीत होतों. शिवाय या गाडीची नळी मध्येंच उंच चढून खालीं उतरते, तेथें बुडबुडा दडून बसतो.

उपाय वहींतच होता. आधीं ब्रेकांतला जुना द्रव बदलून घेतला, आणि तो बाहेर आला तेव्हां त्याचाही रंग काढ्यासारखाच निघाला. त्या रविवारीं ब्रेकनें आम्हांस तारलें तें केवळ दैवानें, हें तेव्हां उमगलें. मग उजव्या पुढच्या चाकाच्या ब्रेकचें निपल आणि क्लचाच्या स्लेव्हचें निपल एका स्वच्छ पारदर्शक नळीनें जोडून, आधीं तिच्यांत द्रव भरून, दोन्ही निपलें सोडलीं व ब्रेकचें पेडल हलकेंच दाबलें. पाय उचलण्यापूर्वीं मात्र प्रत्येक वेळीं निपल आवळून घ्यावें. ब्रेकचा ताजा द्रव क्लचांत खालून वर चढूं लागला आणि क्लचाच्या डबींत एकामागून एक बुडबुडे फुटले. ब्रेकची डबी रिकामी होऊं न देणें व क्लचाची वाहूं न देणें, एवढेंच अवधान. पाव तासांत काम झालें. शेवटीं चारही चाकें घट्ट धरलीं आहेत व ब्रेक कडक लागतो आहे, याची खात्री करून घेतली.

संध्याकाळीं अंगणांत पुतण्यानें इंजिन चालू केलें, पेडल दाबलें, तीन अंक मोजले आणि रिव्हर्स घातला. आवाज झाला नाहीं. वहिनी दाराशीं उभ्या होत्या. त्या आंत गेल्या आणि वही व पेन घेऊन आल्या. पुतण्याची मराठी बोलण्यापुरतीच. तरी त्यानें वडिलांच्या शेवटच्या नोंदीखालीं, अक्षरें विचारीत विचारीत, तेच शब्द लिहिले: 'ब्रेक व क्लच, तेल नवें.' 'नवें' वरील अनुस्वार त्यानें गाळला होता. मीं तो दिला नाहीं.

आतां हें इंग्लंडांतील हौशी गाडीचें पुराण आपणांस कशास, असें कोणी म्हणेल. आपल्याकडे आज कित्येक घरीं मुलगा परदेशीं असतो आणि त्याची गाडी अंगणांत वर्षांतले दहा महिने उभी असते. आईबाप ती धुतात, दसऱ्यास हार घालतात, शेजारच्या मुलाकडून महिन्यांतून एकदां चालू करून घेतात. क्लच द्रवाचा असो वा नसो, तिच्या ब्रेकांत हाच पाणी पिणारा द्रव आहे, आणि आमच्या कोंकणच्या दमट हवेंत त्यास पाण्याची वाण नाहीं. दोन वर्षें झालीं कीं गाडी दहा मैल चालली असो वा दहा हजार, तो द्रव बदलून घ्यावा. नवा द्रव सीलबंद लहान डब्यांतलाच वापरावा, फोडून महिनोन् महिने ठेवलेला नव्हे. क्लचाच्या पेडलावर विनाकारण पाय विसावूं नये. आणि कोणी 'सगळें काढावें लागेल' म्हणाला, तर आधीं डबी, टोपण व पिन या तीन लहान गोष्टी आपल्या डोळ्यांनीं पाहाव्या.

तारखा मात्र लिहून ठेवाव्या. बंधूंनीं गाडी राखिली ती पान्यानें जितकी, तितकीच त्या वहीनें.